भिंतीवरचा ठिपका

माझी भाची पुण्यात चित्रकला शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात ती दहा दिवस जर्मनीत, माझ्या घरापासून तासाभरावरच्या एका जुन्या मठात राहून गेली. तरुण चित्रकारांसाठी तिथं उन्हाळी शाळा भरते. सकाळी मौन, दिवसभर लाकडी फळीवर आयकॉन रंगवायचं काम, संध्याकाळी गप्पा. आयकॉन म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली पूजेची चित्रं. ती येणार म्हटल्यावर घरात वादाला तोंड फुटलं. भावोजी म्हणाले, आपल्या मातीत इतकं अध्यात्म असताना पोरीनं ते शिकायला जर्मनीत कशाला जायचं? तिच्या एका सरांचं म्हणणं नेमकं उलट. कलाशाळेच्या दारातून देवधर्म आत आला की मुलं प्रश्न विचारायची थांबतात, आणि प्रश्न थांबले की चित्रही थांबतं.

हा वाद आमच्या घरापुरता नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरेवर भर आहे. 2023 मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मार्गदर्शक सूचना काढून पदवीसाठी लागणाऱ्या एकूण क्रेडिट्सपैकी (श्रेयांकांपैकी) निदान 5 टक्के या विषयांचे असावेत असं सुचवलं. त्यामुळे कलाशिक्षणात अध्यात्म असावं की नसावं, यावर आपल्याकडे दोन तट पडलेत आणि दोन्हीकडची माणसं तळमळीनं बोलतात. मला मात्र वाटतं, आपण प्रश्नच चुकीच्या जागी धरलाय. ते कुणी, कशाच्या रूपात द्यायचं, आणि ज्याला नको असेल त्याचं काय, हे आधी विचारायला हवं.

मी हे म्हणते ते इथल्या एका जुन्या भांडणामुळे. वायमार माझ्या घरापासून जवळ. 1919 साली तिथं बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली. आज आपण तिला काच, पोलाद आणि यंत्रयुगाशी जोडतो, पण तिथला पहिला मोठा शिक्षक योहानेस इटेन हा साधक माणूस होता. डोकं भादरलेलं, अंगात झगा. वर्ग सुरू व्हायचा तो श्वासाच्या आणि शरीर सैल करण्याच्या व्यायामानं, कोळशाची कांडी त्यानंतर हातात. चित्र काढणाऱ्याचं शरीर आखडलेलं असेल तर रेषाही आखडते, असं त्याचं म्हणणं. इथवर सगळं ठीकच होतं. पण इटेन मझदाझनान नावाच्या, जरथुष्ट्राचा वारसा सांगणाऱ्या पंथाचा होता. हळूहळू त्या पंथाचा आहार शाळेच्या खानावळीत आला, काही मुलं पंथात ओढली गेली, आणि शाळेत सरळ दोन गट पडले. संस्थापक वाल्टर ग्रोपियसशी त्याचं पटेना. 1923 साली इटेन गेला.

पंथ गेला, पण त्याचा प्राथमिक अभ्यासक्रम राहिला. वस्तू डोळ्यांनी, बोटांनी, संपूर्ण शरीरानं ओळखायची आणि मगच काढायची, ही शिकवण पुढच्या शिक्षकांनी आपापल्या पद्धतीनं चालवली. जगभरच्या कलाशाळांतलं फाउंडेशनचं, म्हणजे पायाभूत शिक्षणाचं पहिलं वर्ष याच वळणाचं आहे, आपल्याकडचंसुद्धा. तोच इटेन, तोच वर्ग. त्यातला सराव टिकला आणि दीक्षा मात्र शाळेला पचली नाही. मला दोन्ही तटांना हेच सांगायचं आहे.

चित्रकार सय्यद हैदर रझांचीही आठवण येते. मध्य प्रदेशातल्या खेड्यातल्या शाळेत त्यांचं लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. रझा स्वतःच ही हकिकत सांगत. मुसलमान घरातलं मूल, हिंदू गुरुजी, आणि मध्ये फक्त एक ठिपका. ना कसली शपथ, ना गुण. 1950 मध्ये रझा फ्रान्सला गेले, साठ वर्षं तिथं राहिले, आणि कित्येक वर्षांनी तोच ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रांच्या मधोमध आला. परदेशात राहणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचताना दरवेळी भरून येतं. गुरुजींनी त्या मुलाला 5 टक्के क्रेडिट दिले असते तर हे घडलं असतं का, मला शंका आहे.

मठातली शाळा मला आवडली ती याचसाठी. शेवटचे दोन दिवस मी तिथं स्वयंपाकघरात मदतीला होते. सकाळच्या मौनाला बसायचं नसेल तर बाहेर झाडाखाली जाऊन बसा, कुणी कारण विचारत नसे. लाइपझिगचा एक मुलगा, देव न मानणारा, रोज तिथं बसायचा आणि दुपारी सगळ्यांत सुंदर सोनेरी वर्ख लावायचा. पहिले तीन दिवस रंग नाहीच. फळीवर खडू आणि सरसाचे थर द्यायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा द्यायचे. मग अंड्याचा बलक या तळहातावरून त्या तळहातावर घोळवत कोरडा करायचा, चिमटीत धरून टोचायचा, आतला रस वाटीत सोडायचा आणि पापुद्रा टाकून द्यायचा. त्या रसात पाणी, किंचित व्हिनेगर आणि खललेला गेरू. भाचीनं पहिल्या दिवशी चार बलक फोडले. पाचवा साधला तेव्हा तिनं मान वर केली ती थेट जेवणाच्या घंटेलाच. वर्गात तिला कधी इतकं गढून गेलेलं पाहिलं नाही, असं तिचे तेच सर नंतर फोटो बघून म्हणाले.

आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत अशी शिबिरं घ्यावीत. दहा-बारा दिवसांची, परीक्षा नसलेली, ज्यातून कुणालाही कधीही उठून जाता येईल अशी. सक्तीचा विषय केला की मुलं उत्तरं पाठ करतील, आणि जे मानत नाहीत ती मुलं गुणांसाठी खोटं बोलायला शिकतील. हा दोन्हीकडून अपमान आहे, श्रद्धेचा आणि चित्राचाही.

आयकॉनमध्ये चेहरा सगळ्यांत शेवटी रंगवतात. भाचीचा राहिलाच. ती फळी तशीच घेऊन गेली. आता घरी ती दुसरी फळी तयार करतेय, यावेळी तिच्यावर काय येणार ते तिलाही ठाऊक नाही. परवा भावोजी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तिला चारशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आले.