वाईट बातमी कळवण्याची शालेय पद्धत

अभिनंदन! मुंबईतल्या एका शाळेत तुम्ही नुकतेच शिक्षक म्हणून रुजू झाला आहात. शिकवायचं कसं, ते बी.एड.ला सांगितलं असेलच. पण मुलाला वाईट बातमी कशी द्यायची, हा पेपर तिथे नव्हता. आणि वर्षभर करायचं ते हेच. वर्गात मुलं साठ, नाचाला हवीत बारा, नाटकाला आठ, मॉनिटर एक. उरलेल्यांना काहीतरी कळवावं लागतं.

नियम साधा आहे. बातमी पोचेल तेव्हा आपण तिथे नसावं.

गॅदरिंगचंच घ्या. दिवाळीची सुट्टी संपली की निवड सुरू होते. नाट्यगृहाची तारीख मिळाली नाही आणि खिडकीतल्या माणसाने मान वर न करता ‘नाही’ म्हटलं, तर आपले मुख्याध्यापक आठवडाभर धुमसत असतात. सांगायची काही पद्धत असते की नाही? त्याच आठवड्यात तुम्ही निवडीची यादी लावायची असते. ती शुक्रवारी, शेवटच्या तासाची घंटा झाल्यावर लावावी. म्हणजे रडण्याचा कार्यक्रम शनिवार-रविवारी, ज्याच्या त्याच्या घरी पार पडतो. जागा जिन्याखालचा बोर्ड. यादी इतकी उंच टाचावी, की चौथीतल्या मुलाला वाचता येऊ नये. मग सातवीतला एखादा उंच मुलगा मोठ्याने वाचतो आणि आपणहून सांगतो, ‘ए, तुझं नाव नाहीये रे!’ शाळेतल्या निम्म्या वाईट बातम्या अशा मुलंच एकमेकांना देत असतात, तेही फुकट. या मनुष्यबळाची आपण पुरेशी कदर करत नाही.

यादीत कारण लिहू नये. कारण दिलं की मूल त्याच्यावर विचार करतं, आणि विचार करणारं मूल सोमवारी स्टाफरूमच्या दारात उभं राहतं.

अर्थात बोर्ड आता जुना झाला. शाळेचं अ‍ॅप आहे, पालकांचा ग्रुप आहे. अ‍ॅपची खरी सोय ही, की बातमी मुलाला द्यावीच लागत नाही, ती त्याच्या आईला जाते. ती बिचारी संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने फोन उघडते आणि वाचते, की ‘आपल्या पाल्याचा उत्साह अत्यंत कौतुकास्पद होता. तथापि...’ ‘तथापि’च्या पुढचं वाचायची गरज पडत नाही. घरी पोचेपर्यंत तिला ठरवायचं असतं, की हे जेवणाआधी सांगावं की नंतर. तोवर तुम्ही जेवून झोपलेले असता. दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलंच, तर उत्तर तयार आहे : ‘ग्रुपवर टाकलंय ना.’ हे वाक्य पाठ करा. निवृत्तीपर्यंत पुरेल. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, ही सोयही आधीच करून ठेवावी. नाहीतर कुणाचे तरी बाबा रात्री अकरा वाजता ‘निवड कुठल्या निकषांवर झाली?’ असं विचारतात, दुसरे बाबा त्यांना त्यांची लायकी विचारतात, आणि पहाटेपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट सगळ्या सोसायट्यांत फिरतात. सभ्यता राहिलीच नाही हो लोकांत.

खेळाच्या संघाला तर पत्राचीही गरज नाही. हॅरिस शील्ड किंवा जाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या निवडीसाठी मुलगा महिनाभर स्वतःएवढी किटबॅग घेऊन सकाळची लोकल पकडतो. निवडलेल्यांचा नवा ग्रुप काढावा. त्यात आपण नाही, हे त्याला चार दिवसांत आपोआप समजतं. तोवर तो नेटला येतच राहतो आणि बाकीच्यांना बॉल टाकायला उपयोगी पडतो.

चांगली बातमी मात्र स्वतः द्यावी. त्यासाठी प्रमुख पाहुणे, शाल, नारळ, आणि मुलापेक्षा मोठी ढाल. फोटोत आपण मधोमध.

प्रगतिपुस्तकाच्या भाषेबाबत वरच्यांकडून शिकण्यासारखं आहे. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शेरा काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा देण्याचा निर्णय झाला. हेतू चांगला होता. पण शेरा बदलला, तरी ती गुणपत्रिका हातात देताना कुणी दोन शब्द बोलायचे की नाहीत, याबद्दल सूचना नसल्यामुळे ती दाराखालून चिठ्ठी सरकवावी तशीच दिली जाते. म्हणजे तुम्हाला वेगळं काही शिकायला नको.

आता फी. या बातमीवर आपल्या काही शाळांनी खरोखर मेहनत घेतली आहे. भरायची पालकांनी, पण लाज वाटायला हवी मुलाला. तर वसुली होते. म्हणून गणिताचा तास रंगात आला असताना शिपाई मामांनी चिठ्ठी आणावी. तुम्ही ती सगळ्या वर्गासमोर, स्वच्छ उच्चारांत वाचावी : ‘खालील विद्यार्थ्यांनी ऑफिसात भेटावं.’ तीन मुलं उठतात. बाकीची सत्तावन्न मुलं त्यांच्याकडे बघतात, आणि त्या दिवशी बेरीज-वजाबाकीपेक्षा बरंच काही शिकतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 म्हणतं, की मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. घाबरू नका. आपण कुठे मारतो? आणि त्रास म्हणाल तर मामांना होतो, तीन मजले चढून येतात.

याच कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांची बातमी शाळेला द्यावी लागत नाही. ती सोडतीतून लागते आणि फोनवर येते. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून किलोमीटरभराच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागा द्यायला नकोत. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तोवर पावसाळा आला होता, शेजारच्या मुलांची दप्तरं भिजून वाळलीही होती. मात्र न्यायालयाची एक खोड इथे नोंदवायला हवी. सरकारला ‘नाही’ म्हणताना त्यांनी कारणं लिहून दिली. शाळांनी हा पायंडा पाडून घेऊ नये.

या शिक्षणाची फळं लवकर दिसतात. आठवीतली मुलगी मैत्रिणीशी भांडत नाही, तिला ग्रुपमधून काढते. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं नसेल, तर तसं कुणी सांगत नाही. ज्याला बोलावलं नाही, तो स्टेटसवर केक बघतो. क्लास सोडायचा असेल, तर मुलगा यायचाच बंद होतो, आणि त्याचे सर फोन करकरून थकतात. मग हेच सर मुलाखतीत सांगतात, की आजच्या पिढीला साधं तोंडावर सांगायचं सौजन्य नाही. यादी कुठे लावायची ते सर कधी विसरले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एक धोका सांगून ठेवतो. प्रत्येक शाळेत निवृत्तीला आलेल्या एखाद्या बाई असतात. यादी लागायच्या आदल्या दिवशी त्या मुलाला व्हरांड्यात बाजूला घेतात. त्याच्या उंचीपर्यंत वाकतात, गुडघे दुखत असूनही. ‘हे बघ, नाटकात तुला नाही घेतलेलं. तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही अजून. मी ऐकलं नीट, दोनदा,’ असं सरळ सांगून टाकतात. मूल रडतं, ते त्यांच्यासमोरच रडतं, आणि त्या घड्याळ न बघता तिथेच उभ्या राहतात. सगळं मिळून पाच मिनिटं. साठ मुलांना पाच मिनिटं म्हणजे पाच तास, हा हिशोब तुम्ही त्यांना जरूर दाखवा. त्या ऐकणार नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणं टाळा, सवय लागते.

शिवाय परिणाम बघा. तसं ‘नाही’ ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी येऊन विचारतं, ‘बाई, मग मी पडदा ओढू का?’ त्याला पडदा द्यावा लागतो. तालमींना ते सगळ्यांच्या आधी हजर असतं, सगळ्यांचे संवाद पाठ करतं, आणि पुढच्या वर्षी निवडीच्या रांगेत पुन्हा पहिलं उभं असतं, आता मोठ्या आवाजात. म्हणजे पुन्हा त्याचं ऐकून घ्या, पुन्हा त्याला काय ते सांगा. एवढा व्याप कुणी सांगितलाय?