जनरेटर सॉकेटला जोडू नका, आधी चेंजओव्हर बसवा

लाइट गेली की पोर्टेबल जनरेटर बाहेर काढायचा, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घ्यायची आणि एक टोक जनरेटरला, दुसरं सरळ भिंतीतल्या सॉकेटला. हा प्रकार इतक्या ठिकाणी चालतो की लोकांना त्यात काही वावगंच वाटत नाही. अख्ख्या घरात लाइट येते, खरंय. पण मेन चालू राहिला तर तोच करंट मीटरमधून उलटा बाहेर लाइनवर जातो, आणि जो ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे 230 करतो तोच उलट्या बाजूने 230 चे हजारो व्होल्ट करू शकतो! तिकडे लाइनमन खांबावर चढलेला असतो. त्याने आधी लाइन टेस्ट करून अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची असते हे मान्य, पण म्हणून आपण त्याच्या हातातल्या तारेत करंट सोडायचा का?

यावर कोणीतरी हमखास सांगतं की आजूबाजूच्या घरांचा लोड पडला की जनरेटर आपोआप बंद पडतो. बऱ्याचदा पडतोही, पण तार तुमच्या घराजवळच तुटली असेल तर पुढे लोडच नसतो, जनरेटर निवांत चालत राहतो आणि ती तुटकी तार जिवंत असते.

दुसरं उत्तर ठरलेलं, "आम्ही मेन आठवणीने बंद करतो". अहो, अंधारात, घाईत, घरातलं दुसरंच कोणी मेन वर करून बसलं तर? त्यात तेवढ्यात लाइट आली तर दोन सप्लाय एकमेकांवर आदळतात आणि जनरेटरचं वाइंडिंग जळू शकतं, आग लागू शकते. आणि ती वायर सॉकेटातून नुसती निसटली तरी उघड्या पिनांमध्ये पूर्ण व्होल्टेज असतं, लहान पोरानं हात लावला तर काय होईल?

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर, घराचा सप्लाय मेनवरून जनरेटरवर बदलणारा स्विच. त्याला हँडल एकच असतं. वर मेन, खाली जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम चालू होतच नाहीत, आतली रचनाच तशी, त्यामुळे कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. फक्त तो जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्या, कारण खरी गोची न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये आहे. बऱ्याच छोट्या जनरेटरांत न्यूट्रल बॉडीला जोडलेलाच नसतो, मग अर्थला करंट गळला तरी आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा सेफ्टी स्विच) ट्रिप होत नाही आणि आपण समजतो सगळं सेफ आहे. न्यूट्रलही चेंजओव्हरमधून बदलतोय का, जनरेटरचा न्यूट्रल अर्थ कुठे केलाय, हे त्याला स्पष्ट विचारा. फ्रीज नि पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, तेही धरूनच लोड ठरवा.

आणि कृपा करून जनरेटर बाल्कनीत, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतला माणूस उठतच नाही. दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब, उघड्यावर, पावसाचं पाणी लागणार नाही असा ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड घराकडे नको.

चेंजओव्हर बसेपर्यंत घराच्या वायरिंगला हातच लावू नका. जाड थ्री-कोअर (अर्थसकट तीन तारांचं) एक्स्टेंशन पूर्ण उलगडून जनरेटरवरून थेट फ्रीज आणि एक-दोन दिवे चालवा, तेवढ्यावर रात्र आरामात निघते.