युद्धकाळातला ब्रिटन नुसता हसत नव्हता

दुसऱ्या महायुद्धातली चार-दोन ब्रिटिश व्यंगचित्रे जोडून एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: डोक्यावर बॉम्ब पडत असतानाही ब्रिटिश माणूस हसत होता, सारा देश एकदिलाने सरकारच्या पाठीशी होता, सरकारही टीका हसून सोसत होते आणि हिटलरसमोर तो देश एकटा उभा ठाकला होता. व्यंगचित्रांतून त्या काळाची मनोवृत्ती कळते, हे मान्यच आहे. परंतु ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत काढली हे विचारले, तर यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

सरकार टीका हसून सोसत होते, हे विधान सर्वांत चुकीचे आहे, म्हणून आधी तेच पाहू. मार्च १९४२ मध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने व्यंगचित्रकार फिलिप झेक यांचे एक चित्र छापले. जहाज बुडाल्यानंतर खवळलेल्या समुद्रात तराफ्याला चिकटून राहिलेला एक खलाशी आणि खाली ओळ: पेट्रोलची किंमत एका पेनीने वाढली, अधिकृत वृत्त. हे पेट्रोल माणसांचे जीव घेऊन येते, ते उधळू नका, एवढेच झेक यांना सांगायचे होते. चर्चिल आणि गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी मात्र त्यातून असा अर्थ काढला की, खलाशांच्या जिवावर कोणीतरी नफा कमावत आहे आणि सरकार तो कमावू देत आहे, असे हे चित्र सुचवते. मॉरिसन यांनी वृत्तपत्राच्या संपादकांना बोलावून घेऊन ते बंद करण्याची धमकी दिली, आणि ती पोकळ नव्हती, कारण ज्या युद्धकालीन नियमाचा धाक दाखवला गेला त्याच नियमाखाली जानेवारी १९४१ मध्ये कम्युनिस्टांचे ‘डेली वर्कर’ बंद करण्यात आले होते. प्रकरण संसदेत गेले, तेथे अनेक सदस्यांनी वृत्तपत्राची बाजू घेतली आणि ‘मिरर’ वाचले.

मला या प्रकरणात धमकीपेक्षा तो गैरसमज अधिक बोलका वाटतो. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच सिंगापूर पडले होते, अटलांटिकमध्ये जहाजे बुडत होती, आणि वरचे लोक युद्ध नीट चालवत नाहीत, ही चीड सामान्य माणसात साचलेली होती. जनता हे चित्र त्याच नजरेने वाचील, अशी भीती मंत्र्यांना वाटली नसती, तर इतका गहजब झालाच नसता. काळाचे प्रतिबिंब केवळ चित्रात नसते. ते पाहून कोण अस्वस्थ झाले, यातही ते असते. हा प्रकार युद्धाबरोबर सुरू झाला असेही नाही. १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले, तेव्हा ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ वृत्तपत्रातल्या व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या हिटलरवरील चित्रांबद्दल त्यांना तेथे तक्रार ऐकावी लागली, आणि परतल्यावर त्यांनी लो यांना भेटून जरा सौम्यपणे घेण्यास सुचवले.

एकदिलाचे म्हणाल, तर त्या काळातले सर्वांत गाजलेले विनोदी पात्र म्हणजे लो यांचा कर्नल ब्लिंप. झुबकेदार मिशांचा, गोल पोटाचा आणि हमाममध्ये बसून मूर्खपणाची मते ठामपणे मांडणारा हा गृहस्थ १९३४ मध्ये जन्मला आणि युद्धात हटवादी, कालबाह्य अधिकाऱ्याचे नावच ब्लिंप पडले. त्याच्यावर चित्रपट निघतो आहे हे कळल्यावर चर्चिल यांनी १९४२ मध्ये तो थांबवण्याचा प्रयत्न केला होता. पुढे ८ मे १९४५ रोजी, युरोपातल्या विजयाच्या दिवशी, झेक यांनी शांततेची माळ हाती देणारा जखमी सैनिक काढला. तो म्हणतो, हे घ्या, पुन्हा हरवू नका. ‘मिरर’ने तेच चित्र ५ जुलैला, मतदानाच्या दिवशी, पहिल्या पानावर पुन्हा छापले. मतमोजणीनंतर चर्चिल यांचा पक्ष सत्तेबाहेर गेला.

आता हसण्याकडे वळू. बसमध्ये गप्पा मारणाऱ्या दोन बायका आणि मागच्या बाकावर हिटलर व त्याचा साथीदार गोरिंग, हे व्यंगचित्रकार फूगास यांचे १९४० मधले चित्र या मजकुरात हमखास असते. ते सुरेख आहे, यात वाद नाही. पण शत्रू ऐकत असेल, बेसावध बोलू नका, असे बजावणाऱ्या माहिती मंत्रालयाच्या मोहिमेसाठी काढलेले ते भित्तिचित्र आहे. लोकांनी कसे वागावे ही सरकारची इच्छा त्यातून कळते, लोक कसे वागत होते हे कळत नाही. त्याच उन्हाळ्यात निराशेचे बोलणे बोलल्याबद्दल सामान्य माणसांवर खटले भरले जात होते. लोक इतके संतापले की सरकारला निराशेच्या बोलण्याविरुद्धची ही मोहीम आवरती घ्यावी लागली. ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ हे घोषवाक्य तर व्यंगचित्रही नव्हे. १९३९ मध्ये त्याच्या सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या गेल्या, पण त्या जवळजवळ कुठेच लावल्या गेल्या नाहीत, आणि २००० साली जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात एक प्रत सापडेपर्यंत ते विस्मृतीत होते.

राहिले ‘एकटे’पण. फ्रान्सने शस्त्रे खाली ठेवण्याची तयारी दाखवल्यावर, १८ जून १९४० रोजी, लो यांनी खडकावर उभे राहून विमानांकडे मूठ उगारणारा सैनिक काढला: ठीक तर, एकटे. चित्र थोर आहे, आणि हिटलरविरुद्धची ती जिद्द खरी होती. परंतु महिन्याभरात, १७ जुलैला, ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात फूगास यांचे दोन सैनिक बोलताना दिसतात. एक म्हणतो, आपले बिचारे साम्राज्य जगात एकटे पडले. दुसरा म्हणतो, होय, आपण पन्नास कोटी सगळे. त्या पन्नास कोटींतले जवळपास एकोणचाळीस कोटी लोक हिंदुस्थानात होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्यांना न विचारता युद्धात ओढले होते, आणि त्याच्या निषेधार्थ मुंबईतल्या बाळासाहेब खेर यांच्यासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. एकट्या ब्रिटनची गोष्ट मराठीत सांगणाऱ्यांनी हे दुसरे चित्रही सोबत पाठवावे.