गीझरला ॲसिड, सोलरला ॲसिड आणि मला म्हणे तेल लाव

आमच्या नाशिकच्या सोसायटीत गीझरची कॉइल जळाली की सगळ्यांना तत्काळ कळतं, पाणी खराब आहे. माझ्या केसांची वाट लागली की मात्र कारण एकच, मी तेल लावत नाही!

'तेल लाव गं' हे इतक्या तोंडांतून ऐकून झालंय की आता खोबरेलाची बाटली दिसली तरी डोकं फिरतं. सासूबाई, जाऊबाई, खालच्या मजल्यावरच्या काकू, पार्लरवाली. आणि ऑफिसातली ती एक, जिचे केस सुळसुळीत आहेत आणि जी कॉलेज रोडला राहते. अगं बाई, तू कॉलेज रोडला राहतेस! तुझ्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. पावसाचं साठलेलं पाणी ते, त्यात क्षार असून असून किती असणार? मी राहते पाथर्डी फाट्याच्या पुढे. इथे बिल्डरने ब्रोशरवर 'मुबलक पाणी' छापलं होतं, आणि ते मुबलक पाणी काळ्या खडकात बोअर मारून उपसायचं आहे हे राहायला आल्यावर कळलं.

महापालिकेचं पाणी येतच नाही असं नाही. येतं सकाळी, जरा वेळ, आणि खालच्या टाकीत पडतं. त्याच टाकीत बोअर सोडलाय. उन्हाळा लागला की त्याच टाकीत टँकर रिकामा होतो, आणि टँकरवाला कुठल्या विहिरीवर भरून आणतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. पावसाळ्यात केस जरा बरे असतात, मार्च उजाडला की हाल सुरू. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "उन्हामुळे असेल." हो, उन्हामुळेच! ऊन तापलं की धरण आटतं, धरण आटलं की कपात होते, कपात झाली की आमचा बोअर दिवसभर चालतो. इतकी साखळी जोडायची तसदी मात्र कुणी घेणार नाही.

इथे जमिनीखाली सगळा बेसाल्ट. त्यातून झिरपत, मुरत जाताना पाणी कॅल्शियम नि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. यात नवं काहीच नाही. कुठलाही मीटर न लावता आपल्या आज्या हे ओळखायच्या. तूरडाळ शिजेना, साबणाला फेस येईना, म्हणजे पाणी जड. आमच्या कुकरला जास्त शिट्ट्या लागतात तेव्हा सासूबाई पाण्याच्या नावाने बोटं मोडतात. त्याच पाण्याने मी नहाते तेव्हा दोष माझा.

आणि नहाणं तरी कसलं! शाम्पू लावा, पुन्हा लावा, फेस नावाला. धुवून झालं तरी बोटांना एक चिकट थर लागत राहतो. वाळले की डोक्यावर केरसुणी. कंगवा घातला की अर्ध्यात अडकतो, ओढला की मधूनच तुटलेले आखूड तुकडे खांद्यावर. मुळासकट केस गळणं हा वेगळा विषय आहे, तिथे डॉक्टर गाठून लोह, थायरॉइड बघावं लागतं. माझं ते सगळं तपासून झालंय, उत्तम आहे. माझे केस मुळात घट्ट आहेत, मधे तुटतात. पण हा फरक ऐकायला वेळ कुणाला आहे? तेल लाव!

होतं काय, तर ओल्या केसावर ऋण भार असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन धन भाराचे. ते केसाला जाऊन चिकटतात आणि नुसत्या पाण्याने हटत नाहीत. केसांना रंग लावलेला असला, ब्लीच केलेलं असलं, तर केस आधीच दुखावलेले. ते आणखी जास्त क्षार धरतात. त्यात डोक्याला साबण लावलात तर बघायलाच नको. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा साका होतो. बादलीला आतून जो करडा चिकट थर धरतो ना, तो तोच. बादली आम्ही दर रविवारी घासतो.

शेवटी सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांनी पेनासारखा टीडीएस मीटर काढला, ग्लासात बुडवला, आकडा दाखवला आणि गड जिंकल्याच्या थाटात म्हणाले, "बघा, ठीकच आहे." काका, तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज बांधतो. त्यातलं मीठ किती नि कॅल्शियम किती, हे त्याला कळत नाही. हार्डनेसची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, तपासणी वेगळी असते. हट्ट धरून लॅबमधून ती करून घेतली. रिपोर्ट आला, २०० च्या वर आणि ६०० च्या आत. काकांनी तो लगेच लिफ्टशेजारी चिकटवला आणि वर स्केचपेनने लिहिलं, 'पाणी मर्यादेत'.

कसली मर्यादा? भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये लिहिलंय की लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हार्डनेस स्वीकारार्ह, आणि दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. चालवून घ्या! तेही पिण्यासाठी. या पाण्याने न्हायल्यावर कंगवा फिरेल अशी हमी त्या मानकाने कधी दिलेली नाही.

पार्लरचं तर बोलूच नका. "ताई, केस फारच डॅमेज आहेत, केराटिन करून घ्या." किंमत ऐकून मीच डॅमेज झाले. म्हणजे क्षारांचा थर तसाच ठेवायचा, त्यावर आणखी एक महागडा थर चढवायचा, आणि घरी येऊन त्याच बोअरच्या पाण्याने धुवायचा. सहज विचारलं, तुमच्या बेसिनला कुठलं पाणी आहे? "बोअरचं आहे ना ताई, चोवीस तास!" अभिमानाने सांगितलं हो.

पण माझा खरा राग आहे तो शॉवर फिल्टरवर. मोबाईल उघडला की तेच. एक बाई रडवेली, नळीला मुठीएवढं चकचकीत डबडं लावते आणि पुढच्या क्षणी केस झुळझुळ. अरे, पाण्यातला कॅल्शियम काढायचा तर आयन बदलणारं रेझिन लागतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा ताजं करावं लागतं. सॉफ्टनर म्हणतात तो हाच, आणि त्याची टाकी माणसाच्या कमरेएवढी उगाच नसते. मुठीएवढ्या डबड्यात, धो धो वाहत्या गरम पाण्यात, किती रेझिन किती दिवस पुरणार? त्यातल्या बऱ्याच डबड्यांत असतो कोळसा, तांबं-जस्ताचे कण आणि शोभेला रंगीत मणी. कोळसा नि तांबं-जस्त क्लोरीनवर काम करतात, हे मान्य. पण आमच्या बोअरच्या पाण्यात क्लोरीन टाकलंय कुणी? म्हणजे जे नसल्यात जमा आहे ते काढायचे पैसे घ्यायचे आणि जे आहे ते तसंच डोक्यावर सोडायचं. आणि शॉवर! पाथर्डी फाट्याला मे महिन्यात शॉवरखाली कोण उभं राहतं? आम्ही बादली-मगवाले.

बरं, नातेवाइकांचे सल्ले. जाऊबाई म्हणाल्या पाण्यात तुरटी फिरव. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जागचे हलत नाहीत. एका रीलवाल्या बाईंनी खायचा सोडा लावायला सांगितला. सोडा अल्कली. त्याने केस आणखी राठ होतात; क्षार निघतात आम्लाने, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मावशी म्हणाली पाणी उकळून घे. हे खरं तर बरोबर आहे. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर तळाशी बसतो, पातेल्याला पांढरी खपली धरते ती त्याचीच. सल्फेट-क्लोराइडवाला भाग तेवढा तसाच राहतो. पण कमरेपर्यंतच्या केसांना लागणारं पाणी आदल्या रात्री उकळायचं, गार करायचं, वरची निवळ अलगद ओतून घ्यायची, तर तो सिलिंडर कुणाच्या माहेरून आणू?

आत्याची शिकेकाई मात्र मी मानते. शिकेकाईचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असतं, आणि रिठ्याचा फेस साबणासारखा कॅल्शियमशी जुळून साका करत नाही. म्हाताऱ्या बायकांनी विहिरीच्या पाण्यावर उगाच नाही लांबसडक वेण्या सांभाळल्या. पण आत्या तेवढ्यावर थांबेल तर ना. "आणि आदल्या रात्री तेल लाव."

नुसती बोंबलतेय असं म्हणाल म्हणून सांगते, उपाय आहे, आणि तो केराटिनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. क्षार पकडून काढणारा शाम्पू मिळतो. चिलेटिंग म्हणतात त्याला. 'क्लॅरिफाइंग' लिहिलेली बाटली पाहून फसू नका. तो तेल नि सिलिकोन काढतो, क्षार काढेलच असं नाही. मागची मुंगीएवढी अक्षरं वाचा आणि ईडीटीए, फायटिक ॲसिड, सायट्रिक ॲसिड असली नावं शोधा. ईडीटीए चिमूटभर बहुतेक शाम्पूंत असतंच, पण यादीच्या अगदी शेवटी असेल तर ते बाटली टिकवण्यापुरतं. आठवड्यातून एकदा लावलं तरी पुरतं, रोज लावाल तर केस कोरडे ठणठणीत. नंतर कंडिशनर हवाच. असला शाम्पू नको असेल तर लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर, नेहमीच्या शाम्पूनंतर केसांवरून ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, धुवून टाका. डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि टाळूवर जखम असेल तर लावूच नका. वास सुकल्यावर जातो. घरच्यांचे टोमणे जात नाहीत.

खरी गोम पुढे आहे. हे सगळं करून शेवटी धुवायचं कशाने? त्याच पाण्याने! म्हणून शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घ्यायचा. एवढ्याने फरक पडतो, मी घेते. त्यावर घरात महाभारत. "प्यायचं पाणी डोक्यावर ओततेस?" असं म्हणून सासूबाईंनी काय करावं? आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं, आम्ही फरशी पुसायला साठवतो, ती बादली पुढे केली. "हे पण आरओचंच ना?" आई, आरओने पाणी स्वच्छ करताना काढलेले क्षार त्या बादलीत आहेत! बोअरपेक्षा दाट! इतकं समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." त्यांच्या वेळी त्या गोदाकाठच्या पंचवटीत राहायच्या.

आता सोसायटीचं ऐका. गच्चीवरच्या सोलरचे पाईप क्षारांनी चोक झाले, गरम पाणी यायचं बंद झालं, तर तातडीची मीटिंग. सगळे पुरुष हजर. प्लंबर आला, ॲसिड टाकून पाईप धुतले, पांढऱ्या खपल्यांचा ढीग निघाला. तो ढीग सगळ्यांनी मोबाईलमध्ये टिपला. "बाप रे, काय पाणी आहे!" म्हणून माना हलवल्या. मी तिथेच उभी होते. म्हटलं, काका, आता तरी अंघोळीच्या लाईनला सॉफ्टनर बसवू या. क्षणभर शांतता. मग एकजण हसून म्हणाले, "वहिनी, बायकांच्या केसांसाठी एवढा खर्च?"

बायकांच्या केसांसाठी! वॉशिंग मशीन कुणाचं बिघडतं? कमोडच्या टाकीचा वॉल्व्ह कुणाचा अडकतो? नळांच्या जाळ्या काढून दर महिन्याला लिंबाने कोण घासतं? दुसरे म्हणाले सॉफ्टनरने पाण्यात मीठ येतं, बीपी वाढेल. अहो, कॅल्शियमच्या जागी थोडं सोडियम येतं हे खरं, पण अंघोळीचं पाणी पितंय कोण? प्यायला सगळ्यांकडे आरओ आहे. रेझिन धुतलेलं खारं पाणी कुठे सोडायचं, हा एक प्रश्न रास्त होता. तो कुणी विचारलाच नाही.

ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. पुढच्या मीटिंगचा अजेंडा काल ग्रुपवर आला. सॉफ्टनर नाही. पहिलाच विषय, प्रवेशद्वाराशी कारंजं. दिवे बिवे असलेलं. मी काकांना फोन करून विचारलं, "पाणी कुठलं सोडणार त्यात?"

"बोअरचंच," काका म्हणाले, "पण डायरेक्ट नाही हो, नोझल चोक होतात. म्हणून कोटेशनमध्ये छोटा सॉफ्टनर धरलाय."