येतो म्हणालो आणि फसलो

कोल्हापुरात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. पाच मिनिटांसाठी आलेला असो की पाच दिवसांसाठी, उठताना म्हणतो ‘येतो’. मयतीच्या घरातून उठताना तेवढं म्हणायचं नसतं, बाकी सगळीकडं चालतं.

ही सवय घेऊन मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात रुजू झालो. गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आठ वर्षं काढलेली, कास्टिंगमधलं काही अडणार नव्हतं. अडलं ते क्रियापदांत. पहिल्याच शुक्रवारी बॅग खांद्याला लावली आणि नव्याकोऱ्या जर्मनमध्ये खड्या आवाजात म्हणालो, ‘इश कोमे!’ म्हणजे, येतो. आणि घरी गेलो. सोमवारी कळलं, शेजारच्या टेबलावरचा बाबा अर्धा तास माझी वाट बघत दिवे चालू ठेवून बसला होता. शुक्रवारी दुपारी तिथला माणूस अर्धा तास जास्त थांबला म्हणजे आपल्याकडचा मुक्कामच.

मग साहेबांनी विचारलं, ड्रॉइंग गुरुवारपर्यंत होईल का? मी म्हणालो, ‘बघतो.’ आता ‘बघतो’चा अर्थ आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल: होणार नाही, पण तुमचा मान राखतोय. साहेबांनी वहीत तारीख घालून लिहून घेतलं. गुरुवारी सकाळी हात पुढं करून हजर! ‘जमणार नाही, असं का नाही सांगितलंस?’ रागानं नव्हे, खरोखरच्या कुतूहलानं विचारत होते. थोरल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं? मी नुसती मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, यावर आणखी दहा मिनिटं गेली.

दुपारी बाराच्या सुमाराला जो भेटेल तो ‘मालत्साइट’ म्हणायचा. अर्थ काढला तर, जेवणाची वेळ. मला भरूनच आलं. हे तर आपलं ‘जेवलास काय?’ मी एकेकाला थांबवून डब्यात काय आहे ते सांगायला लागलो. भाकरी कशी फुगली नाही, ठेचा आईनं पाठवलाय, त्यात लसूण किती. चौथ्या दिवसापासून लोक लांबच्या जिन्यानं उतरायला लागले. उत्तरादाखल तोच शब्द परत म्हणून सटकायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका बाबतीत मात्र मी भाव खाल्ला. त्या भागातले लोक सव्वादोनला ‘पाव तीन’ म्हणतात आणि पावणेतीनला ‘पाऊण तीन’. हॅम्बुर्गकडून आलेला आमचा सहकारी, अस्सल जर्मन, दर वेळी बोटांवर मोजत बसायचा. मला एका दमात समजलं. अडीचला तर सगळेच जर्मन ‘अर्धा तीन’ म्हणतात, आणि आपलं अडीच तरी कुठून आलंय? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून. आजोबांची पावकी-निमकी-पाऊणकी अशी परदेशात कामाला आली. त्या हॅम्बुर्गवाल्याला मीटिंगची वेळ मी सांगायचो. जगात भारी!

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, सुट्टीवर आलो. दोस्ताचा फोन, ‘आठला ये जेवायला, तांबडा-पांढरा करतोय.’ मी आठला बेल मारली. बरोब्बर आठला. दार उघडलं तर दोस्त बनियनवर, डोक्याला मेंदी. आत मटणाचं अळणी आत्ता कुठं रटरटायला लागलेलं, नारळ फुटायचे होते.

‘का रं? घरी काय झालंय का?’

‘आठला ये म्हणालास की.’

‘आठला म्हणजे आठला व्हय?’

काकूंनी मुकाट्यानं विळी पुढं सरकवली. तीन नारळ मी खवले.

जेवणं उरकली साडेअकराला. सकाळी लवकर उठायचं होतं म्हणून चटकन उठलो आणि तोंडातून गेलं, ‘चला काकू, जातो.’

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. ‘जातो म्हणू नये बाबा. येतो म्हण.’

‘बरं, येतो.’

‘मग बस की खाली. पांढरा हाय अजून.’