पांढरा डाग म्हणजे फाटलेलं लिगामेंट नव्हे

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: गाडीला मागून धडक बसल्यावर मानदुखी थांबत नसेल तर साध्या एमआरआयवर विसंबू नका, कवटीलगतच्या लिगामेंटचा (हाडांना हाडांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचा) खास एमआरआय काढा, तिथे पांढरं दिसलं की लिगामेंट फाटलंच, मग मणके स्क्रूने जखडून घ्या.

‘साध्या एमआरआयमध्ये ही लिगामेंट दिसत नाहीत.’ हे बरंचसं खरं. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर वर आलेल्या सुळक्यापासून कवटीच्या तळापर्यंत दोन्ही बाजूंना जाणारी अलार लिगामेंट जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतात. नेहमीच्या एमआरआयच्या चित्रांतल्या जाड कापांत ती हरवतात.

‘पांढरं म्हणजे फाटलेलं.’ सगळी गडबड इथे आहे. हा समज हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. २००२ साली नॉर्वेतल्या बर्गनच्या रेडिओलॉजिस्टांनी अलार लिगामेंटमधल्या पांढरेपणाला ० ते ३ अशा श्रेणी दिल्या आणि व्हिप्लॅशच्या (धडकेत मानेला झटका बसून होणाऱ्या दुखापतीच्या) जुन्या रुग्णांत तो जास्त दिसतो असं मांडलं. घट्ट तंतूंचं लिगामेंट एमआरआयवर काळं दिसतं, त्यामुळे पांढरं म्हणजे इजा हा तर्क पटण्यासारखा होता.

मग २००८ साली नॉर्वेतच, ट्रॉन्डहाइममध्ये, तीन गट तपासले गेले: व्हिप्लॅशचे ५९ रुग्ण, अपघाताविना मान दुखणारे ५७ आणि मान कधी न दुखलेले ५७. पांढरेपणा अनुक्रमे ४९, ३३ आणि ४० टक्के लोकांत सापडला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ठणठणीत माणसांतही दर दहांमागे चौघांना ‘इजा’! पुढे बर्गनच्याच गटाने ताज्या अपघातातले रुग्ण आणि अपघात न झालेले लोक ताडून पाहिले. अशा धडकेने हा पांढरेपणा येत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. मूळ कल्पना ज्यांची, त्यांनीच ती तपासून बाजूला ठेवली. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच गाळलंय. तंतूंमधली चरबी किंवा एकाच कापात शेजारचा भाग मिसळणं, यानेही लिगामेंट पांढरट दिसू शकतं.

‘म्हणजे इथली लिगामेंट तुटतच नाहीत का?’ तुटतात. जोरदार अपघातात सुळक्याला मागून धरून ठेवणारं ट्रान्सव्हर्स लिगामेंट तुटू शकतं, संधिवातात ते सैल पडतं. पण तेव्हा नुसती छटा पाहत नाहीत. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि सुळका यांतलं अंतर मोजतात. मोठ्या माणसात ते साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात.

‘ऑपरेशन हाच उपाय.’ पहिले दोन मणके स्क्रू-पट्टीने स्थिर करण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली. सांधा खरोखर सरकत असेल तर ती जीव वाचवते. पण मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ अर्धा भाग पहिल्या दोन मणक्यांमधल्या याच सांध्याचा. तो कायमचा जातो. एका पांढऱ्या डागासाठी ही किंमत मोजायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे डॉक्टर दुखणं खोटं ठरवतात.’ हा राग रास्त आहे. मणक्यांचे छोटे सांधे, स्नायू एमआरआयवर काही न दिसताही महिनोन्‌महिने दुखतात. मात्र हाताने शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा हातापायांतली ताकद कमी झाली, तर फॉरवर्ड वाचत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.