आईला उचलतं कोण आणि पैसे देतं कोण

इंदूरच्या आमच्या मराठी घरांमध्ये गेली काही वर्षं एकच वाद फिरून फिरून येतो. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात; आईवडील सुदामा नगरात, राजेंद्र नगरात, लोकमान्य नगरात. एक बाजू म्हणते, आईवडिलांना सांभाळणं हे पोटच्या पोरांचं काम, त्याला पर्याय नाही. दुसरी म्हणते, काळ बदलला, चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलं तर त्यात लाज कसली? मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते, त्यामुळे माझं मत काय असणार हे बोलणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. पण मला या दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. चांगला मुलगा कोण, यावर आपण तासन्‌तास बोलतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दरमहाचा खर्च कुठून येणार, यावर मात्र सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

आईला लकवा झाला तेव्हा दवाखान्याचा खर्च मोठा झाला, पण तो निभावला. विमा होता, थोडी बचत होती, मी काही पाठवले. त्या खर्चाला शेवट होता. ती घरी आल्यावर जो खर्च सुरू झाला त्याला शेवट नाही. दिवसाची बाई, रात्रीची बाई, फिजिओथेरपीवाला, डायपर, हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी मलमं, मधूनच मूत्रनळी बदलायला येणारा कंपाउंडर. बाबांच्या मागे तिला मिळणारं कौटुंबिक निवृत्तिवेतन दोन पाळ्यांच्या बायकांनाही पुरत नाही. आणि बाई आली नाही की वहिनी आईला उचलते. वहिनी एका खासगी शाळेत शिकवत होती, ती नोकरी तिने सोडली. तिच्या गेलेल्या पगाराचा हिशेब आमच्या घरात कोणी मांडत नाही, आणि अशा बहुतेक घरांत तो मांडला जात नाही.

विम्याकडे वळावं, तर आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत जे धरलं जात नाही त्याची एक यादी असते. विमा नियामकाने ती सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आहे. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की अंघोळ घालणं, कपडे घालणं, चालवणं-फिरवणं अशा रोजच्या कामांतल्या मदतीचा खर्च मिळणार नाही, मग ती मदत घरी घ्या की शुश्रूषागृहात, नर्स ठेवा की साधी बाई. सरकारी योजनेचंही तसंच. 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला खुली झाली, उत्पन्न काहीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत. चांगली गोष्ट झाली, मी मनापासून म्हणते. पण तीही रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. घरी आल्यावरचे 15 दिवस ती धरते. सोळाव्या दिवशी आईला कोण उठवून बसवणार?

मी राहते तिथे नेमकी याच कामांवरून विम्याची सुरुवात होते. जर्मनीत 1995 पासून देखभालीचा वेगळा विमा आहे, आरोग्य विम्याला जोडलेला आणि सक्तीचा. अर्ज केला की तपासनीस घरी येतो. तुम्ही स्वतः अंग धुता का, कपडे चढवता का, जिना चढता का, आजचा वार सांगता का, गोळ्या आपल्या आपण घेता का, अशा प्रश्नांना गुण असतात आणि त्यावरून एक ते पाच अशी श्रेणी ठरते. घरच्याच माणसांनी सांभाळायचं ठरवलं तर दुसऱ्या श्रेणीला महिन्याला 347 युरो आणि पाचव्या श्रेणीला 990 युरो रोख मिळतात. हे 2025 चे दर. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना तिसरी श्रेणी मिळाली, आणि त्यांची मुलगी अर्धवेळ काम करून त्यांना सांभाळते. रोख रकमेपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या मुलीच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात देखभाल विमा तिच्या वतीने हप्ता भरतो, कारण आईला सांभाळणं हे तिथे कामात धरलेलं आहे. आठवड्याला किमान दहा तास, किमान दोन दिवसांत विभागून, आणि बाहेरची नोकरी तीस तासांहून जास्त नको, अशा अटी आहेत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे वहिनी आली.

हा पैसा आभाळातून पडत नाही. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला त्याची वेगळी ओळ असते. 2025 पासून हा दर पगाराच्या 3.6 टक्के आहे, साधारण अर्धा माझा, अर्धा मालकाचा, आणि ज्यांना मूल नाही त्यांना थोडा जास्त. सुरुवातीला मालकवर्ग त्यांचा वाटा द्यायला तयार नव्हता. मग तोड अशी निघाली की त्यांची भरपाई म्हणून देशाने एक सुट्टी सोडायची. नोव्हेंबरातली प्रार्थनेची एक बुधवारची सुट्टी सॅक्सनी सोडून सगळ्या राज्यांनी रद्द केली. सॅक्सनीने सुट्टी ठेवली, म्हणून तिथल्या नोकरदारांचा वाटा आजही जास्त आहे. एका समाजाने म्हाताऱ्यांच्या अंघोळीसाठी धर्माची सुट्टी कामाला दिली, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे असा सौदा कोणी मांडला तरी का?

या पैशातून माझ्या आईला मात्र एक युरोही मिळणार नाही. तो विमा तिथे राहणाऱ्या आणि तिथे हप्ता भरणाऱ्या माणसांचा. मी रोज अनोळखी लोकांच्या आयांसाठी भरते, माझ्या आईचा खर्च त्याखेरीज. याची मला तक्रार नाही, कारण विमा म्हणजे हेच. कोणाला लकवा होईल, कोण नव्वदीतही मॉर्निंग वॉकला जाईल, हे कोणाला कळतं? ज्या घरावर आलं त्या घराने एकट्याने आयुष्यभराची बचत ओतायची, आणि ज्यावर आलं नाही त्याने आपल्या संस्कारांचा अभिमान बाळगायचा, ही आपली आजची पद्धत आहे. मला ती क्रूर वाटते.

इथे इंदूरचे काका लोक हमखास म्हणतात, "पैसे सरकारने दिले की पोरं आईबापांना टाकून देतील, तुमच्या जर्मनीसारखी." याचं उत्तर आकड्यांत आहे. 2023 च्या अखेरीस जर्मनीत अशा मदतीची गरज असलेले सुमारे 57 लाख लोक होते, आणि त्यांतल्या 86 टक्के लोकांना घरीच सांभाळलं जात होतं. निम्म्याहून जास्त लोकांना तर मुख्यतः घरच्याच माणसांनी. सगळ्यांना सांभाळ-केंद्रात ढकललेलं आहे हे चित्र खोटं आहे. पैसा आला म्हणून माया आटली नाही. उलट मला तिथे असं दिसतं की रात्री दोनदा कूस बदलायला उठणाऱ्या मुलीला कोणीतरी हातभार लावला, की ती दुसऱ्या वर्षीही उठू शकते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथला विमा मुळातच अर्धवट झाकणारा आहे. सांभाळ-केंद्रात राहायचं तर पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून जाणारी रक्कम सरासरी महिन्याला 3000 युरोंच्या वर आहे, आणि पेन्शन तेवढी नसली की उरलेलं समाजकल्याण खातं भरतं. मुलांकडून ते वसूल करायचं तर 2020 पासून नियम असा की मुलाचं किंवा मुलीचं वार्षिक उत्पन्न 1 लाख युरोंपेक्षा जास्त हवं. विम्याच्या तिजोरीत तूट आहे, हप्ते वाढताहेत, आणि हात कमी पडतात म्हणून पोलंड-बल्गेरियाच्या बायका घरांत मुक्कामी राहून राबतात. केरळच्या नर्सेसना न्यायला तर सरकारी कार्यक्रम आहे. म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांना लागणारे शिकलेले हात तिकडे चालले आहेत, आणि हे सुख नाही. तरीही तिथे भांडण टक्क्यांवर होतं, आणि टक्क्यांवरचं भांडण सुटू शकतं.

आपल्याकडे कायदा आहे तो 2007 चा, आईवडिलांच्या पोटगीचा. एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, न्यायाधिकरणात अर्ज करायचा, आणि पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 रुपये. ही मर्यादा काढण्याचं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर झालं नाही. मला त्या कायद्यात एक गोष्ट बोचते. त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातवंडं आहेत. जी प्रत्यक्ष उचलते ती सून कुठेच नाही. 2019 च्या विधेयकात ती आली, पण जबाबदार म्हणून. तिला काही द्यावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. आणि कायद्याची सगळी भाषा गुन्हेगार पोराला धरून आणण्याची. जो मुलगा महिन्याला कमावतो तेवढं सगळं आईवर खर्च करतो आणि तरी पुरत नाही, त्याला त्यात काही नाही.

मग करायचं काय? पगारातून कापायचं, तर कापणार कोणाच्या? आपल्याकडे पगाराची चिठ्ठीच बहुतेकांकडे नाही. इंदूरच्या सराफ्यात खाण्याची गाडी लावणाऱ्याचा मालक कोण? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. जपानने एप्रिल 2000 मध्ये अशी योजना सुरू केली तेव्हा निम्मा पैसा हप्त्यांतून आणि निम्मा करातून घेतला, आणि हप्ता चाळिसाव्या वर्षापासून लावला. आपल्याकडे कराचा वाटा निम्म्याहून बराच मोठा असावा लागेल, आणि ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो त्या आमच्यासारख्यांच्या घरांतून हप्ता सक्तीने घ्यावा लागेल. मध्यमवर्गाला हे आवडणार नाही. पण दोन पाळ्यांच्या बायकांचा खर्च सगळ्यात आधी मध्यमवर्गालाच मोडून काढतो, हे त्याने एकदा घरी बसून मांडून पाहावं.

पैसे घरापर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा नाही, हे मात्र मी मानणार नाही. मध्य प्रदेशाने 2023 मध्ये लाडली बहना ही बायकांसाठीची योजना सुरू केली आणि लाखो बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे येऊ लागले. सरकारने ठरवलं की होतं. पण ती रक्कम साठाव्या वर्षी बंद होते. गरीब बाईच्या हातात त्यानंतर येतं ते सामाजिक सुरक्षेचं निवृत्तिवेतन, महिन्याला 600 रुपये. म्हणजे अंगात ताकद असताना जास्त आणि गुडघे गेल्यावर कमी. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांनी तर 1991 मध्ये मिल बंद पडल्यावर स्वतःच्याच थकबाकीसाठी 2023 चा डिसेंबर पाहिला. किती जण वाट पाहतच गेले. या माणसांना "मुलांनी सांभाळावं" एवढंच सांगणं म्हणजे त्यांच्या मुलांची कमाई न बघताच निकाल देणं.

आम्ही आमच्यापुरतं एक केलं आहे. वहिनीच्या नावाने एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, खातं काढलं आणि दर महिन्याला त्यात मी पैसे टाकते, आईच्या खर्चाच्या माझ्या वाट्याखेरीज. दादा आधी संकोचला, "घरच्या माणसाला पगार द्यायचा का?" वहिनीला मात्र लगेच पटलं. आईला सांभाळायला येणाऱ्या बाईचं काय करायचं ते अजून ठरत नाही. तिची सासू इंदुरातच परदेशीपुऱ्यात एकटी पडून असते, आणि ती बारा तास आमच्या घरी असते. तिच्या सासूला उचलायला कोणी नाही, आणि ती सुट्टी घेते तेव्हा आम्हीच चिडतो. एका घराने हप्ते भरून तिचा प्रश्न सुटत नाही.

2028 मध्ये मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक आहे. मते मागायला उमेदवार सुदामा नगरातही येतील आणि परदेशीपुऱ्यातही. त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात असं मी दादाला सांगितलं आहे: साठीनंतर जिला उठवून बसवावं लागतं तिच्या खात्यात रक्कम घटण्याऐवजी वाढणार का, आणि तिला उठवणाऱ्या बाईच्या नावावर काही जमा होणार का.